मोठं ड्रिल घेण्याआधी

लोखंडात ६२ मिलीमीटरचं भोक हवंय म्हणून ६२ मिलीमीटरचं ड्रिल शोधत असाल, तर शोध थांबवा. मिळालं तरी घेऊ नका. ते धरेल असं मशीन तुमच्याकडे नाही. असतं तर तुम्ही हे वाचत बसला नसता.

हे मी हक्कानं सांगतो, कारण हा उद्योग मी करून बसलोय. आइंडहोवनजवळच्या आमच्या गावात गणपतीच्या मिरवणुकीसाठी हातगाडी करायची ठरली. घरामागे सायकली ठेवायची जेमतेम दहा बाय आठची खोली आहे, तिथे काम काढलं. चाकाच्या तुंब्यात ६२०६ नंबरचं बेअरिंग बसवायचं होतं. हे बेअरिंग बाहेरून ६२ मिलीमीटर, आतून ३० आणि जाडीला १६ असतं. मी ६० चा होल सॉ आणला, हातातल्या ड्रिलमशीनला लावला आणि उरलेले दोन मिलीमीटर कानशीनं काढले. बेअरिंग बसलं, पण एका बाजूनं कागद सरकेल इतकी फट राहिली. मिरवणुकीत गाडी सारखी डावीकडे ओढत होती. चौघं जण बाप्पांना सरळ रस्त्यावर आणायलाच लागले होते.

वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर होते. फोनवर फोटो बघून त्यांनी एवढंच विचारलं, "भोक पाडलंस व्हय? मग बोअर कुठं केलंस, लेका?"

या एका प्रश्नात सगळं आलं. भोक आणि बोअर ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांची हत्यारं वेगळी आणि खर्चही वेगळा. भोकातून काहीतरी आरपार जातं. पाइप, केबल, बोल्ट. अर्धा मिलीमीटर इकडेतिकडे झाला तरी कुणाचं बिघडत नाही. बोअरमध्ये काहीतरी बसतं किंवा फिरतं. बेअरिंग, बुश, पिस्टन. बोअर गोल हवं, सरळ हवं, ठरल्या जागी हवं आणि मापात हवं. ६२ च्या बेअरिंगसाठी नेहमीचं एच-सात माप धरलं, तर भोक ६२.००० ते ६२.०३० च्या मध्ये यायला हवं. म्हणजे सगळी सूट तीन शतांश मिलीमीटरची. आपल्या डोक्याचा केस याहून जाड असतो. गावाकडे बुलेटचं किंवा शेतीपंपाच्या इंजिनाचं रिबोअरिंग केलेल्यांना हे नव्यानं सांगायला नको. झिजलेला सिलिंडर पुढच्या मापाच्या पिस्टनला बोअर करतात. तिथे कुणी ड्रिल घेऊन येत नाही.

तेव्हा पैसे काढण्याआधी स्वतःला विचारा, मला भोक हवंय की बोअर? माझा अंदाज, दहांतल्या सात जणांना नुसतं भोकच हवं असतं. त्यांचं आधी बघू.

पत्रा दोन-तीन मिलीमीटरचा असेल, तर साधं मोठं ड्रिल वापरूच नका. ड्रिलचं टोक पलीकडे गेलं की कडांना आधार उरत नाही, आणि भोक तिकोनी पडतं. पायऱ्यापायऱ्यांचं स्टेप ड्रिल घ्या. त्याहून मोठं भोक हवं असेल तर इलेक्ट्रिशियन पॅनेलला वापरतात तो पंच घ्या. बोल्ट आवळत गेलं की पत्रा कापला जातो. आवाज नाही, ठिणगी नाही. इथल्या ओळीतल्या घरांमध्ये भिंतीला भिंत लागलेली असते आणि रविवारी ड्रिलमशीन चालवलं की शेजारी दाराशी येतो. अशा ठिकाणी पंचाइतकं सभ्य हत्यार दुसरं नाही.

पाच-सहा मिलीमीटरच्या पट्टीत एक-दोनच भोकं असतील तर बायमेटल होल सॉ पुरतो. लोक तो जाळतात आणि मग शिव्या दुकानदाराला घालतात. खरं कारण वेग. साध्या पोलादात हायस्पीड दातांना मिनिटाला पंचवीस मीटरच्या आसपास वेग सोसतो. ८० मिलीमीटरच्या सॉचा हिशेब केला तर मिनिटाला शंभर फेरे होतात. घरच्या ड्रिलमशीनचा सगळ्यात हळू गिअरही पूर्ण दाबला की चारशेच्या घरात जातो. म्हणजे दात चौपट वेगानं घासताहेत. निळे पडणारच. तेव्हा ट्रिगर अर्धाच दाबा, तेल सोडा, मधूनमधून सॉ वर काढून कीस झटका. हे करण्याइतका धीर नसेल तर होल सॉ घेऊ नका.

पट्टी दहा-बारा मिलीमीटरची किंवा त्याहून जाड असेल आणि भोकं बरीच असतील, तर चुंबकावर उभं राहणारं ड्रिलमशीन आणि कोअर कटर. हा कटर सगळं लोखंड चुरत नाही. फक्त एक कडं कापतो आणि मधली लोखंडी गोळी सबंध खाली पडते. काम कमी, म्हणून ताकदही कमी लागते. इथे सल्ला असा की मशीन विकत घेऊ नका, एका दिवसाच्या भाड्यावर आणा. कटर मात्र स्वतःचा नवा घ्या, कारण भाड्याच्या कटरला आधीच्या गिऱ्हाइकानं काय केलंय ते कळत नाही. मशीनला साखळी बांधल्याशिवाय ते उभ्या पट्टीवर किंवा छताला लावू नका. वीज गेली की चुंबक सोडतो, आणि मग खाली कोण उभं आहे हे मशीन बघत नाही. पातळ पत्र्यावरही चुंबकाची पकड धड बसत नाही.

इतकं झालं भोकाचं. बोअरची गोष्ट मोठी आहे, आणि तिचा एक महत्त्वाचा तुकडा याच देशात, नेदरलँड्समध्ये, घडला. तो समजला की पुढचा सल्ला आपोआप पटतो.

तोफ म्हणजे जगातलं सगळ्यात अवघड बोअर. जुन्या तोफा पोकळच ओतत. साच्यात मधोमध मातीचा गाभा उभा करायचा आणि भोवती धातू सोडायचा. विजापूरची मलिक-ए-मैदान अशीच, १५४९ साली अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, ओतलेली. पण वितळलेला धातू आत येताना गाभा हलतो, तरंगतो. नळी मधोमध राहत नाही. एक बाजू जाड, एक पातळ. अठराव्या शतकात स्वित्झर्लंडच्या योहान मारिट्झनं रीत उलटी केली. तोफ भरीव ओतायची आणि नळी नंतर कोरायची. हेगच्या सरकारी तोफशाळेत यान व्हरब्रुखन नावाचा ओतारी होता. आधी एन्कहाउझनला आरमाराच्या ओतशाळेत, १७५५ पासून हेगला. तिथे १७५८ च्या सुमारास तोफा आडव्या ठेवून कोरायचं यंत्र चालू झालं. यंत्र घोडे फिरवत.

या यंत्रातली नजर लागावी अशी गोष्ट एकच. तोफ फिरत होती, कोरणी फिरत नव्हती. कोरणीची दांडी नुसती पुढे सरकवली जायची. यानं काय फरक पडतो? ड्रिलमशीनवर ड्रिल फिरतं आणि काम स्थिर असतं. ड्रिल एकदा तिरकं घुसलं की त्या वाटेनंच पुढे जातं, त्याला परत आणणारं कुणी नाही. काम फिरत असेल, तर कोरणी जराशी बाजूला गेली की फिरणारा धातू तिला प्रत्येक फेऱ्यात उलट्या बाजूनं ढकलतो आणि ती मध्याकडे परत येते. लेथवर टेलस्टॉकमधून पाडलेलं भोक ड्रिलमशीनवरच्या भोकापेक्षा सरळ येतं ते याचमुळे.

व्हरब्रुखनची पुढची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. ओतकामात राहिलेल्या पोकळ्या बुचं ठोकून लपवल्याचा आरोप त्याच्यावर आला, हेगमध्ये घोडं पेंड खाऊ लागलं आणि १७७० मध्ये तो मुलगा पीटरला घेऊन लंडनजवळच्या वुलिचला गेला. तिथल्या सरकारी ओतशाळेत त्यानं हेच यंत्र पुन्हा उभं केलं. यंत्र उत्तम होतं, वाद धातूतल्या खड्ड्यांवरून झाला. आपल्याला यातून घ्यायचं ते एवढंच. भोक मोठं झालं तर पुट्टी, वेल्डिंगचा ठिपका किंवा गोंद घालून बेअरिंग दडपू नका. मी तेच केलं होतं. बोअर आणखी मोठं करा आणि पितळेचा किंवा लोखंडाचा बुश घाला. बुश ही कबुली आहे, लबाडी नाही.

तोफेची नळी एका बाजूनं बंद असते. वाफेच्या इंजिनाचा सिलिंडर दोन्हीकडून उघडा. इंग्लंडच्या जॉन विल्किन्सननं हा फरक ओळखला. १७७४ मध्ये त्यानं तोफा कोरण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि लगेच सिलिंडरसाठी वेगळी मांडणी केली. जाड दांडी सिलिंडरच्या आरपार गेलेली, दोन्ही टोकांना आधार, कापणारं टूल मध्ये. जेम्स वॉटच्या इंजिनाला हवा होता तसा सिलिंडर याच दांडीनं दिला. वॉटचा भागीदार बोल्टननं समाधानानं लिहिलं होतं की ५० इंची सिलिंडरात चूक जुन्या शिलिंगच्या जाडीइतकीही नाही. आज आपण याला हसू, पण त्याआधीच्या सिलिंडरांतून वाफ फसफसत बाहेर यायची.

याचा कळस बघायचा असेल तर पाहुण्यांना ट्यूलिप दाखवून झाल्यावर हेमस्टेडजवळच्या क्रुकिअस पंपघरात न्या. स्खिपोलला विमानातून उतरता तेव्हा तुम्ही हार्लेमरमेर नावाच्या जुन्या सरोवराच्या तळावर उतरता. ते सरोवर १८४९ ते १८५२ मध्ये तीन वाफेच्या पंपघरांनी उपसलं. त्यांतलं क्रुकिअस आता संग्रहालय आहे. इंजिन कॉर्नवॉलमधल्या कारखान्याचं. त्याचा बाहेरचा सिलिंडर १४४ इंची, म्हणजे साडेतीन मीटरहून मोठा, आणि त्याच्या पोटात ८४ इंची दुसरा सिलिंडर. जगात याहून मोठा वाफेचा सिलिंडर नाही. त्याच्याजवळ उभं राहून माझ्या ६२ मिलीमीटरच्या तुंब्याची मला लाज वाटली.

आता कामाचं. बोअरसाठी काय बनवायचं आणि काय घ्यायचं? माझं मत स्पष्ट आहे. दांडी बनवा, हेड विकत घ्या.

बोरिंग बारची दांडी बनवणं हे लेथवरचं सगळ्यात फायद्याचं काम. जुन्या शॉक अॅब्सॉर्बरची दांडी, प्रिंटरची सळई, भंगारातला शाफ्ट, काहीही चालेल. टोकाजवळ आडवं भोक पाडा, त्यात सहा मिलीमीटरचं हायस्पीड टूलबिट बसवा आणि टोकाकडून ग्रब स्क्रूनं आवळा. झाला बार. लोक चूक करतात ती इथे: महागडं मिश्र पोलाद आणून ते कडक करतात आणि समजतात की आता बार वाकणार नाही. पोलाद मऊ असो की कडक, वाकण्याला विरोध जवळपास तितकाच. ताठपणा येतो जाडीतून आणि आखूडपणातून. २० च्या ऐवजी २५ मिलीमीटरची दांडी घेतली तर ती जवळजवळ अडीचपट ताठ. तीच दांडी दुप्पट बाहेर काढली तर आठपट वाकते. म्हणून नियम लक्षात ठेवा: पोलादी बार जाडीच्या चौपटीपेक्षा जास्त बाहेर काढायचा नाही. २० ची दांडी, ८० मिलीमीटर. त्यापुढे ती गाऊ लागते. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही, आणि शेजारीही विसरत नाहीत. टंगस्टन कार्बाइडची दांडी मात्र खरंच तिपटीच्या आसपास ताठ असते आणि सहापटीपर्यंत चालते. पण ती घरी बनत नाही, विकतच घ्यावी लागते.

टूलचं टोक केंद्राच्या किंचित वर ठेवा, खाली नको. आतल्या बाजूनं कापताना टूलची पाठ भोकाच्या भिंतीला घासते, म्हणून खालून जास्त घासून काढा. आणि धार ठेवा. म्युनिकच्या शस्त्रागारात काउंट रम्फर्डनं मुद्दाम बोथट कोरणी घेऊन तोफ पाण्यात बुडवून फिरवली. घोड्यांच्या ताकदीवर अडीच तासांत पाणी उकळलं. १७९८ मध्ये त्यानं हे प्रसिद्ध केलं आणि उष्णता म्हणजे काय यावरचा वाद ढवळला. शास्त्राच्या कामाचं होतं, पण धार गेलेलं टूल रेटून आपण रोज तेच करतो, चहा न करता.

काम चकमध्ये मावत नसेल, लांबडं ओतकाम असेल, तर विल्किन्सनची युक्ती घरच्या लेथवर जशीच्या तशी चालते. काम चकमध्ये धरायचंच नाही. ते क्रॉस स्लाइडवर, म्हणजे एरवी टूल बसतं त्या सरकत्या भागावर, बोल्टनं बांधायचं. दांडी त्याच्या आरपार घालायची, एक टोक चकमध्ये आणि दुसरं टेलस्टॉकच्या सेंटरवर. दांडी फिरते, काम सरकतं. मावण्याची एकच अट, कामाची उंची आणि तुमच्या लेथचं केंद्र जुळलं पाहिजे. खाली पट्ट्या घालून ते जुळवा. टूलबिट किती बाहेर काढलं ते मायक्रोमीटरनं दांडीच्या पाठीपासून मोजा आणि विसरू नका, टूल ०.१ बाहेर काढलं की भोक ०.२ नं वाढतं. हा हिशेब चुकून किती तुंबे भंगारात गेले असतील कोण जाणे. शेवटचे दोन-तीन हात अगदी बारीक घ्या, आणि शेवटचा हात काहीही न हलवता परत एकदा फिरवा. वाकलेली दांडी तेवढ्यात उरलेलं काढते.

मिलिंग मशीनवर काम असेल तर बोरिंग हेड लागतं. हे बनवू नका. डव्हटेल खाचेचा स्लाइड, बारीक आट्यांचा स्क्रू, घासून बसवलेली पट्टी, हे सगळं धड करायला एक चांगलं मिलिंग मशीन आणि एक चांगला कारागीर लागतो, आणि त्या दिवसांत तुमचं मूळ काम राहून जातं. चेकोस्लोव्हाकियात आणि जर्मनीत बनलेली जुनी हेड्स इथे मार्क्टप्लाट्स या जुन्या वस्तूंच्या साइटवर येत असतात आणि बहुतेक नव्या स्वस्त मालापेक्षा चांगली असतात. एक सक्त सूचना: बोरिंग हेड साध्या ड्रिलप्रेसच्या चकमध्ये कधीच धरू नका. चक टेपरवर नुसता ठोकून बसवलेला असतो. बाजूचा धक्का बसला की चक, हेड आणि टूल सगळं तुमच्या पायावर येतं.

मशीनच घ्यायचं असेल तर या देशात जुनं चांगलं सापडतं. झानडामच्या हेम्ब्रुखमध्ये सरकारी शस्त्रास्त्र कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे लेथ बनत, आणि ते अजूनही विकायला येतात. भक्कम असतात, पण चौघांच्या हातांना दाद देत नाहीत. घेण्याआधी घराचं मीटरचं कपाट उघडून तीन फेज आहे का बघा. नसेल तर इन्व्हर्टर लावून एका फेजवर चालवता येतं, फक्त मोटरच्या पाटीवर २३० आणि ४०० असं दोन्ही लिहिलेलं हवं आणि मोटर डेल्टात जोडावी लागते. नुसतं ४०० असेल तर स्वस्त इन्व्हर्टर घरी आणू नका.

आणि एकच भोक असेल, एकच बोअर असेल, तर काहीही घेऊ नका. गावातल्या एखाद्या लहान मशीन शॉपमध्ये जा. सोबत बेअरिंग न्या, नुसतं माप नेऊ नका. डच कारागीर कमी बोलतो, पण बेअरिंग हातात घेऊन बोटांत फिरवून बघतो, आणि त्याला काय हवंय ते कळतं. उद्यमनगरातही असंच व्हायचं. फरक इतकाच की तिथे चहा आधी यायचा.

काम करताना हातमोजे काढा, अंगठी काढा, मंगळसूत्र आत घाला, ओढणी घरात ठेवा. थंडीत जाड स्वेटरच्या लोंबत्या बाह्या हा इथला खास धोका आहे. बोअरमधून बाहेर येणारा लांब कीस हातानं ओढू नका, आकडा वापरा.

जुनं बोरिंग हेड बघायला जाल तेव्हा हे तपासा. शँक तुमच्या मशीनचा आहे का, आणि मागच्या ड्रॉबारच्या आट्या कोणत्या? मोर्स तीन नंबरला मेट्रिकमध्ये बारा मिलीमीटरच्या आट्या असतात, जुन्या ब्रिटिश मालात तीन-अष्टमांश इंच. डायल व्यासावर कोरलीय की त्रिज्येवर? मिलीमीटर की इंचाचे थाउ? बार बसायची भोकं १२ मिलीमीटरची की अर्ध्या इंचाची? अर्धा इंच म्हणजे १२.७, तेव्हा बारा मिलीमीटरचा बार त्यात डगमगतो. आणि विकणारा म्हणाला की फारसं वापरलेलंच नाही, तर पट्टीचे स्क्रू थोडे घट्ट करा आणि स्लाइड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. दोन्ही टोकांना जड आणि मधेच हलकं लागलं, तर ते फारच वापरलेलं आहे.